मगरिबच्या वेळी बाई घराबाहेर असेल तर : मशीद की घर?

समिंदरकाठ (धागाकर्ती)

मुस्लिम बायकांनी नमाज मशिदीत पढावी की घरी, यावर उर्दूत आणि गुजरातीत वाचायला ढीगभर आहे. मराठीत फारसं नाही. आणि बडोद्यात नोकरी करणाऱ्या बाईला उपयोगी पडेल असं तर मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई मसलकाचे (सुन्नींमधली धर्मशास्त्राची एक परंपरा). सासर इथलं, हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेचं. घर तांदळज्यात, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत हिशेब खात्यात. डिसेंबरात बडोद्याला सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेची, वेळ सव्वा तासाच्या आसपास, पाच वेळांतली तोकडी. सहा-सव्वासहाला सुटून वाहतुकीतून घरी पोचून वजू (नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं) करेस्तोवर इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजेची, अजान तोंडावर आलेली असते. महिनाअखेरीला तर मगरिब कझाच होते, म्हणजे वेळ टळून जाते.

वाटेत मशीद लागते. नळ आहेत, चटया आहेत, पंखे आहेत. एकदा स्कूटर थांबवून विचारलं. "बेन, बैराओ माटे व्यवस्था नथी." उद्धटपणा अजिबात नव्हता, उलट त्या माणसाला बोलताना अवघडल्यासारखं झालं होतं. पण उत्तर तेच.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे : अल्लाहच्या बांदींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका. अबू दाऊदच्या संग्रहात पुढे जोड आहे, की त्यांची घरं त्यांच्यासाठी अधिक चांगली. मला दोन्ही भाग मान्य आहेत. घर अधिक चांगलं, कबूल. पण मगरिबला मी घरी नसते. माझ्यापुढे पर्याय आहेत मशीद, रस्ता, नाहीतर कंपनीतली स्टेशनरीची खोली. यातलं काय चांगलं ते सांगा.

जाणकारांनी लिहावं. हिंदू सभासदांनीही लिहावं, फक्त 'तुमच्यात' हा शब्द जरा जपून वापरा.

---

टवाळ_रावपुरा

स्टेशनरीच्या खोलीत निदान एसी तरी आहे का?

---

समिंदरकाठ

नाही. जुन्या फायली आणि एक बंद पडलेला प्रिंटर आहे. सज्द्यात डोकं टेकवलं की टोनरचा वास येतो.

---

याकूतपुरा_मास्तर

बेटी, मी निवृत्त शिक्षक. मूळचा खानदेशातला, आता हयात इथेच गेली. हनफी आहे, म्हणून आमच्या बाजूचं नीट मांडतो. नाहीतर लोक समजतात की मौलवींनी हे मनाने काढलं.

बायकांना मशीद हराम आहे असं जबाबदार आलिम (धर्मपंडित) म्हणत नाही. जमात (एकत्र नमाज) आणि जुम्मा (शुक्रवारची नमाज) पुरुषांवर लागू आहे, बाईवर नाही. त्यामुळे घरी पढल्याने तिचं काही कमी होत नाही. मुसनद अहमद या हदीससंग्रहात उम्मे हुमैद यांची हदीस आहे. त्यांना हुजूरांच्या (पैगंबरांच्या) मागे नमाज पढण्याची ओढ होती. त्यांना सांगितलं गेलं, तुझी खोलीतली नमाज अंगणातल्या नमाजेपेक्षा चांगली, आणि घरातली मोहल्ल्याच्या मशिदीतल्या नमाजेपेक्षा चांगली. त्यांनी घराच्या सगळ्यात आतल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात जागा करून घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच पढल्या.

दुसरं, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचं म्हणणं बुखारीतच आहे : आज बायका जे करतात ते हुजूरांनी पाहिलं असतं तर त्यांना मशिदीपासून रोखलं असतं. हनफी फुकहांनी (धर्मशास्त्रींनी) हे धरलं. इमाम अबू हनीफांनी वयस्क बायकांना फजर (पहाट), मगरिब आणि इशाला मुभा दिली होती. त्यांच्या दोन शागिर्दांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी, वयस्क बायकांना सगळ्याच वेळी दिली. नंतरच्या काळात फतवा सरसकट मकरूहचा (नापसंत, टाळावं असा) झाला. कारण दिलं गेलं, जमाना बिघडला.

---

समिंदरकाठ

चाचा, मांडणीबद्दल मनापासून शुक्रिया. पण 'हिदाया' या हनफी ग्रंथात त्या तीन वेळांचं कारणही दिलंय, ते तुम्ही सोडलंत. फजर आणि इशाला लोफर लोक झोपलेले असतात आणि मगरिबला जेवणात गुंतलेले असतात, म्हणून बायकांना त्या वेळी ये-जा करायला धोका नाही.

म्हणजे मुळात प्रश्न रस्त्याच्या सुरक्षेचा होता. मशिदीच्या आत काय होईल ही भीती त्या कारणात दिसत नाही.

---

टवाळ_रावपुरा

शास्त्राधार तंतोतंत जुळतो. मगरिबच्या वेळी बडोद्यातले समस्त लोफर सेव-उसळीच्या गाडीवर असतात. मी स्वतः साक्षीदार आहे. जादा तरी मागताना त्यांना दुसरं काही दिसत नाही.

---

याकूतपुरा_मास्तर

हा हा. टवाळसाहेब, हे आमच्या मदरशात चालणार नाही, पण हसलो.

बेटी, कारण मी मुद्दाम सोडलं नाही, लांबण लागू नये म्हणून आटोपतं घेतलं. तू वाचलंयस हे बरं झालं. पण मग आज रस्ता जास्त सुरक्षित झालाय का? रोजचं वर्तमानपत्र उघड.

---

समिंदरकाठ

नसेल झाला. पण त्या रस्त्यावर मी रोज आहेच! मगरिबला मंगळबाजारात उभं राहून बघा. निम्म्या बायका बुरख्यातल्या असतात, ओढण्यांचे भाव करत. त्यांना कोणी अडवत नाही. दवाखान्यात, बँकेत, मुलांच्या ट्यूशनखाली, रिक्षात, सगळीकडे आम्ही चालतो. जमाना बिघडल्याचं कारण फक्त मशिदीच्या दारात कसं काय लागू पडतं?

आणि हजरत आयशांच्या त्या वाक्याबद्दल. त्यांनी 'रोखलं असतं' म्हटलं, 'रोखा' म्हटलं नाही. हा फरक माझा नाही, जुन्या शारिहांनी (हदीसच्या भाष्यकारांनी) दाखवलेला आहे.

---

दांडियाबाजारकर

मी धर्मशास्त्रातला नाही, पण इमारतींतला थोडा आहे, म्हणून लिहितो.

चांपानेरची जामी मशीद आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पावागढला जाणारे निम्मे लोक खालूनच परत फिरतात, ते सोडा. महमूद बेगड्याने १४८४मध्ये चांपानेर घेतलं, तिथे राजधानी वसवली, त्या काळातली ही मशीद. २००४मध्ये चांपानेर-पावागढ युनेस्कोच्या यादीत गेलं. आत शिरल्यावर नमाजेच्या दालनात उत्तरेच्या टोकाला जा. तिथला भाग दगडी जाळ्यांनी वेगळा केलेला दिसतो. हा जनानखाना, असं सांगितलं जातं. अहमदाबादच्या १४२४च्या जामा मशिदीतही उत्तरेकडे खांबांवर उचललेला जाळीचा सज्जा आहे.

म्हणजे गुजरातच्या सुलतानांच्या काळी बायकांसाठी मशिदीच्या आत जागा बांधली गेली. तीही दगडात, कोरीव.

---

याकूतपुरा_मास्तर

काका, इथे एक पाचर मारतो. अहमदाबादच्या त्या सज्ज्याला 'मुलूकखाना' म्हणतात. म्हणजे शाही जागा. सुलतानाला सामान्य लोकांपासून वेगळं, सुरक्षित बसता यावं म्हणून केलेली, असं मानणारे अभ्यासक आहेत. जाळी दिसली की 'जनाना' म्हणायची सवय बऱ्याच अंशी इंग्रजांच्या काळात पडली. आणि राणीवशाची जागा जरी धरली तरी ती राणीवशाची. कासाराच्या बायकोला तिथे कोण बसू देणार होतं?

---

दांडियाबाजारकर

पाचर चोख बसली. मुलूकखान्याचा वाद मला ठाऊक आहे, पण माझा कल अजून जनान्याकडेच आहे, निदान चांपानेरपुरता. कासारणीचा मुद्दा मात्र बिनतोड.

तरी एवढं उरतंच : राजघराण्यातल्या बायका असोत की कोणी, मशिदीत बाई असणं ही कल्पनाच परकी होती असं म्हणता येत नाही.

---

जाफरानी

पुण्यात वाढलेली, लग्न होऊन बडोद्यात आलेली बोहरी. आमच्याकडे हा प्रश्नच नाही. मशिदीत बायकांचा मजला वेगळा असतो, वरचा. लहानपणापासून आईबरोबर रिदा (बोहरी बायकांचा बुरखा) घालून जायचं, रमजानात तर रोज. वरून खालचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. शिवाय आम्ही जोहर-असर (दुपारच्या दोन नमाजा) एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढतो, त्यामुळे तुमच्या सव्वा तासाची कोंडीही होत नाही.

पण समिंदरकाठताई, एक सांगते. वरचा मजला मिळाला म्हणजे म्हणणं ऐकलं जातं असं नाही. आमच्याकडे शिस्त मोठी, आणि ती वरून खाली येते. जागा आहे, सोय उत्तम आहे. बाकीचं नंतर कधीतरी.

आमच्या मशिदीत या, असं तुम्हाला म्हणणं माझ्या हातात नाही. माझ्या घरी मात्र कधीही या. अलकापुरीत आहे, पण तुमच्या वाटेवर नाही पडणार.

---

समिंदरकाठ

बाकीचं लिहाच कधीतरी, वेगळ्या धाग्यात. :)

एकत्र पढण्याबद्दल : शाफईंना प्रवासात मगरिब-इशा जोडायची मुभा आहे. हनफींना हजचा अपवाद सोडता नाही. पण त्यासाठी प्रवास साधारण ऐंशी किलोमीटरच्या पुढचा लागतो. माहेरी जाताना मी जोडते, सासूबाई दुसरीकडे बघतात. मकरपुरा ते तांदळजा हा काही सफर नाही, कितीही ट्रॅफिक असला तरी.

---

पुणेकर_परदेशी

हे सगळं वाचून आश्चर्य वाटतं. २०२५ उजाडून गेलं आणि बाईने प्रार्थना कुठे करावी यावर हदिशी काढाव्या लागतात. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तेव्हाच खरं तर हा विषय संपायला हवा होता. मूळ प्रश्न धर्मचिकित्सेचा आहे, तुम्ही तपशिलात अडकलाय.

---

समिंदरकाठ

दलवाईंबद्दल आदर आहे. तो मोर्चा तलाकच्या आणि बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावर होता, त्या बायका जे सोसत होत्या त्यातून सुटायला निघाल्या होत्या. मला नमाजेतून सुटायचं नाही, मला ती वेळेवर पढायची आहे. तुम्हाला हा तपशील वाटतो. माझी मगरिब त्याच तपशिलापायी बुडते.

---

तारीख_पे_तारीख

कायद्याची बाजू, कारण कोणीतरी 'कोर्टात जा' म्हणणारच.

पुण्याच्या एका दांपत्याने २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : मुस्लिम बायकांना मशिदीत नमाजेसाठी प्रवेश द्या. त्याच एप्रिलमध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या, आणि शबरीमलाच्या निकालामुळे ऐकून घेतो असं स्पष्ट केलं. पण सरकारचा भाग नसलेल्या लोकांवर समानतेचा हक्क कसा बजावता येईल, हा प्रश्नही विचारला. खरी गाठ तिथेच आहे. मशीद मुतवल्ली (मशिदीचे व्यवस्थापक) आणि ट्रस्ट चालवतात.

नोव्हेंबर २०१९मध्ये शबरीमलाचा फेरविचार मोठ्या पीठाकडे सोपवताना मुस्लिम बायकांचा मशीदप्रवेश, लग्न बाहेर केलेल्या पारशी बायकांचा अग्यारीप्रवेश आणि बोहरी समाजातल्या मुलींच्या खतन्याचा प्रश्न, हे सगळे त्याच रांगेत आहेत असं नमूद झालं.

गंमत म्हणजे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२०च्या प्रतिज्ञापत्रात काय म्हटलं? बाई नमाजेसाठी मशिदीत जाऊ शकते, तिला मुभा आहे, जमात तिच्यावर बंधनकारक नाही. कोणी याच्या उलट फतवा दिला असेल तर तो दुर्लक्षावा. २०२३मध्ये पुन्हा तेच, फक्त स्त्री-पुरुष एकत्र मिसळू नयेत ही अट ठळक केली. म्हणजे तत्त्वाच्या पातळीवर समोर विरोधकच नाही. पण बोर्डाचं मत सल्ल्याचं. तुमच्या वाटेवरच्या ट्रस्टला ते बांधत नाही.

---

दांडियाबाजारकर

हाजी अलीचं काय मग? तिथे तर हायकोर्टाने करून दाखवलं.

---

तारीख_पे_तारीख

ऑगस्ट २०१६चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. बायकांना मजारीजवळ जायला बंदी २०११-१२च्या सुमारास घातली होती, त्याआधी त्या जात होत्या. सार्वजनिक ट्रस्ट, मध्येच घातलेली बंदी, आणि ती धर्माचा गाभा असल्याचं ट्रस्टला दाखवता आलं नाही, असा तो मामला. नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. पण तो दर्गा आहे. मशिदीत आधीपासूनच जागा नसेल तर 'पूर्ववत करा' कसं म्हणणार?

---

नूर_साताऱ्याची

मी उलटं लिहिणार आहे, रागावू नका.

मला मशिदीत जायचं नाही. कोणी बोलावलं तरी नाही. दिवसभर शाळेत शिकवते, तिथे चारशे पोरं, घरी सासू-सासरे, दीर, त्यांची मुलं. जानमाज अंथरली की त्या वेळात मला कोणी हाक मारत नाही. लहान पुतण्यासुद्धा दबकून चालतो. तेवढाच माझा वेळ. मशिदीत पुन्हा रांग, पुन्हा 'खांद्याला खांदा लावा', पुन्हा कोणाच्या तरी पोराचं रडणं. पुरुषांना जमातीत सवाब (पुण्य) सत्तावीस पट, मला घरीच तेवढा पदरात पडत असेल तर मी का धडपडू?

'मशिदीत गेली ती पुढारलेली, घरी पढणारी दबलेली' असं कोणी या धाग्यावर म्हणायच्या आत लिहून टाकलं.

---

समिंदरकाठ

नूर, रागावायचं काय त्यात. घरी असते तेव्हा मीही घरीच पढते, आणि त्या वेळी हाक न मारण्याचा नियम आमच्याकडेही आहे. (दोन बीएचकेत खरं तर तोच एक बंद दरवाजा.) तुझं घर शाळेपासून किती लांब?

---

नूर_साताऱ्याची

चालत पाच मिनिटं. आलं लक्षात तुझं म्हणणं.

---

नूर_साताऱ्याची

पण अजून एक. जुम्म्याचं बयान (प्रवचन) मात्र मला ऐकायचं असतं. मिस्टर घरी येऊन सांगतात, "चांगलं होतं." काय चांगलं होतं ते विचारलं की "तेच, सब्र वगैरे." वीस मिनिटांच्या बयानातून माझ्या वाट्याला 'सब्र वगैरे' येतं. मोहल्ल्यात कोणाच्या पोरीच्या फीसाठी वर्गणी काढली, जकातीचं काय ठरलं, मदरशात मुलींचा वर्ग का बंद केला, सगळं तिथेच ठरतं आणि आम्हाला आठवड्याने कळतं.

---

जाफरानी

+१. 'सब्र वगैरे' जबरदस्त.

---

समिंदरकाठ

हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. उम्मे अतिया यांची हदीस बघा, ईदच्या दिवशी सगळ्या बायकांना बाहेर काढा असा हुकूम होता. पाळी असलेल्यांनाही, ज्यांच्यावर नमाजच नाही. त्यांनी नमाजेच्या जागेपासून बाजूला थांबायचं, पण दुआत आणि भल्या कामात सामील व्हायचं. म्हणजे नमाज नसतानाही हजेरी हवी होती. आज ईदला आम्ही शीरखुर्मा ढवळत असतो.

---

कालिकतचा_जावई

माझी बायको केरळची, म्हणून थोडं. तिथेही बहुतेक शाफईच आहेत, तुमच्या कोकणासारखे. पण मुजाहिद या सुधारक पंथाच्या मशिदीत बायका जुम्म्याला येतात, आणि जुन्या सुन्नी वळणाच्या मशिदीत येत नाहीत. शेजारशेजारच्या गल्ल्या. त्यामुळे 'आमचा मसलक वेगळा' हे उत्तर पुरतं नाही. मोहल्ल्याला कसली सवय आहे तेच शेवटी चालतं.

---

समिंदरकाठ

अगदी. माहेरी शाफई असूनही आई कधी मशिदीत गेलेली मला आठवत नाही. मसलक मुभा देतो, मुतवल्ली दिवा लावत नाही.

---

गणपत_नाना

तुमच्यात बायकांना इतकं बंधन असतं हे पाहून

*(प्रतिसाद संपादित. धागाकर्तीची विनंती पुन्हा वाचावी. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना २०१६मध्ये, हायकोर्टानंतर मिळाला हेही आठवावं. — संपादक)*

---

याकूतपुरा_मास्तर

दोन दिवस विचार करत होतो. ती दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या बेगमची रिवायत (हदीसमधली हकीकत) डोक्यातून जात नव्हती. त्या फजर आणि इशाला मशिदीत जात. कोणी विचारलं, उमरना हे आवडत नाही हे ठाऊक असून का जाता? त्या म्हणाल्या, मग ते मला मना का करत नाहीत? उत्तर मिळालं, हुजूरांचं ते वाक्य त्यांना अडवतं. नापसंती होती, पण अडवलं नाही. उमरांसारखा माणूस!

माझं मत बदललेलं नाही. घरी असलेल्या बाईला घरच चांगलं, आणि तरुण मुलींनी तरावीहसाठी (रमजानातली रात्रीची नमाज) रात्री मोहल्ला ओलांडू नये असं मी आजही म्हणेन. पण वाटेतल्या बाईची नमाज कझा होत असेल तर दोन वाईट गोष्टींतली हलकी कुठली, हे सांगायला मुफ्ती लागत नाही. फर्ज (बंधनकारक नमाज) बुडणं जड आहे.

तुझ्या वाटेवरच्या मशिदीचा ट्रस्टी माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याच्याशी बोललो. तो म्हणतो जागा आहे, मागच्या बाजूला, पूर्वी जनाजाचं सामान ठेवायचे ती खोली. दार रस्त्याकडून वेगळं. अडचण वजूची आहे. नळ सगळे पुरुषांच्या बाजूला, आणि संडासही एकच. नळ काढायचा म्हणजे भिंत फोडायची. त्याचा खर्च जुम्म्याच्या चंद्यातून केला तर चार लोक बोलतील, असं त्याला वाटतं.

---

समिंदरकाठ

चाचा, काय बोलू. वजू मी कंपनीतून करून निघेन, नळ नंतर बघू. आतून कडी आहे का दाराला?

---

याकूतपुरा_मास्तर

विचारतो. कुलूप आहे, किल्ली मुअज्जिनकडे (अजान देणाऱ्याकडे) असते.

---

जाफरानी

किल्ली मुअज्जिनकडे म्हणजे रोज त्यांना शोधत हिंडणं आलं. असर ते इशा दार उघडंच ठेवायला सांगा. आणि कडी आतून हवीच, तुम्ही सज्द्यात असताना कोणी आत आलं तर काय?

---

टवाळ_रावपुरा

नळाच्या खर्चाचा आकडा कळवा. माझा एक मित्र प्लंबिंगचं सामान विकतो, पाणीगेटला. हे मात्र टवाळी नाही.

---

तारीख_पे_तारीख

चंद्याबद्दल : 'वजूखाना दुरुस्ती' म्हणून वेगळी पावती फाडा, हिशेब वेगळा ठेवा. पुढे कोणी विचारलं तर कागद हवा.

---

नूर_साताऱ्याची

आणि भिंत फोडतच आहेत तर त्या खोलीत एक स्पीकर बसवायला सांगा. जुम्म्याला मी येईन.